पासवर्ड बरोबर, तरी फाइल उघडत नाही: पायथनमधून नासाचा पाऊस उतरवताना

प्रश्न थोडक्यात असा. ठाणे आणि नवी मुंबईत पाणी साचण्याच्या घटना तपासायच्या आहेत, त्यासाठी नासाच्या जीपीएम या उपग्रहांनी पाऊस मोजणाऱ्या मोहिमेचा आयमर्ग हा अर्ध्या-अर्ध्या तासाचा पाऊस हवा आहे. माजिवड्याला घरी विंडोज लॅपटॉपवर ब्राउझरमधून फाइल नीट उतरते. तीच लिंक पायथनच्या रिक्वेस्ट्स या वेबवरून मागणी करणाऱ्या पॅकेजमधून, युजरनेम-पासवर्ड देऊन मागवली की फाइल येते खरी, पण जेमतेम काही केबींची, आणि एक्सअ‍ॅरे (अशा फाइली वाचणारं पॅकेज) ‘अननोन फाइल फॉरमॅट’, उणे ५१ असं सांगून हात वर करतं. महापेच्या ऑफिसातल्या लिनक्स मशीनवर तेवढंही होत नाही, सर्टिफिकेटचीच एरर येते. पासवर्ड तीनदा बदलून झाला आहे.

पासवर्ड चौथ्यांदा बदलू नका. ब्राउझरमध्ये तो चालतो, म्हणजे तो बरोबर आहे. तुमची अडचण तो कोणाला दाखवला जातो इथे आहे. घरची आणि ऑफिसातली एरर एकाच रोगाची लक्षणं नाहीत, त्यामुळे दोन्हींचा विचार वेगवेगळा करू. (खाली फाइलींची आणि फंक्शनची नावं देवनागरीत आहेत. टंकताना ती रोमन लहान अक्षरांत घ्यायची. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं लिहिलं आहे.)

आधी ती काही केबींची फाइल नोटपॅडमध्ये उघडा. आयमर्गची फाइल एचडीएफ-५ प्रकारची असते, आणि खऱ्या एचडीएफ-५ फाइलचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात. त्यातला दुसरा, तिसरा आणि चौथा बाइट म्हणजे एच, डी, एफ ही अक्षरं. तुमच्या फाइलच्या सुरुवातीला कोनी कंस आणि एचटीएमएल दिसेल, नाहीतर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ अशी एखादी ओळ. म्हणजे पावसाच्या नावाने तुम्ही लॉगिनचं पान साठवून ठेवलं आहे. सर्व्हरने ‘ओळख दाखवा’ म्हणून पुढे केलेला कागद स्क्रिप्टने न वाचता पावसाच्या फोल्डरमध्ये लावून टाकला, आणि उघडायची वेळ आली तेव्हा एक्सअ‍ॅरेने तक्रार केली. इथून पुढे प्रत्येक डाउनलोडनंतर दोन तपासण्या करा. रिस्पॉन्सवर ‘रेझ फॉर स्टेटस’ (शब्दांमध्ये अंडरस्कोर) हे नकाराला एरर बनवणारं फंक्शन बोलवा, आणि पहिले बाइट बघा. नुसता स्टेटस पुरत नाही. काही सर्व्हर ४०१ (ओळख पटली नाही) देतात, पण काही लॉगिनचं पान २०० (सगळं ठीक) सोबत पाठवतात, आणि २०० बघून स्क्रिप्ट खूश होते.

आता हे होतं कसं ते बघू.

फाइल ज्या सर्व्हरवर आहे, म्हणजे जीईएस डिस्क या नासाच्या डेटा केंद्राचा सर्व्हर, तो तुमचा पासवर्ड कधीच तपासत नाही. त्याने ते काम अर्थडेटा लॉगिनवर सोपवलं आहे, ज्याचा पत्ता यूआरएस डॉट अर्थडेटा डॉट नासा डॉट गव्ह. तुम्ही फाइल मागता. डेटाचा सर्व्हर ३०२ देऊन तुम्हाला यूआरएसकडे धाडतो. यूआरएस युजरनेम-पासवर्ड बघून एक कोड देतं आणि परत पाठवतं. डेटाचा सर्व्हर तो कोड पडताळून कुकी देतो, पुन्हा एकदा वळवतो आणि मग फाइल हातात ठेवतो. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे नोंद करून चिठ्ठी घ्यायची आणि मग विंगमध्ये जायचं, तसाच प्रकार. विंगच्या दारात उभं राहून फ्लॅटमालकाचं नाव कितीही ओरडलं तरी उपयोग नाही, नोंद गेटवरच होते.

रिक्वेस्ट्सच्या गेट फंक्शनला ऑथ म्हणून युजरनेम-पासवर्डची जोडी दिली की ती पहिल्या पत्त्यासाठी धरली जाते, म्हणजे डेटाच्या सर्व्हरसाठी. तिथे तिची गरज नाही. मग यूआरएसकडे वळवलं जातं, म्हणजे होस्ट (समोरचा सर्व्हर) बदलतो. होस्ट बदलला की रिक्वेस्ट्स ऑथरायझेशन हेडर (मागणीसोबत जाणारी ओळख) काढून टाकतं, आणि हे अगदी योग्य आहे. नाहीतर कुठल्याही साइटने तुम्हाला भलतीकडे वळवून तुमचा पासवर्ड लाटला असता. परिणाम असा की पासवर्ड जिथे लागत नाही तिथे गेला, आणि जिथे हवा तिथे तुम्ही रिकाम्या हाताने पोचलात. हेडर काढल्यावर मात्र रिक्वेस्ट्स आणखी एक गोष्ट करतं: नव्या होस्टच्या नावाची नोंद नेटआरसी या युजरनेम-पासवर्ड साठवायच्या फाइलमध्ये आहे का ते बघतं, आणि असली तर ती वापरतं. उपाय इथेच आहे.

होम फोल्डरमध्ये डॉट नेटआरसी नावाची साधी मजकुराची फाइल करायची. आत एकच ओळ: मशीन हा शब्द, मग यूआरएसचा वर दिलेला पूर्ण पत्ता, मग लॉगिन हा शब्द आणि तुमचं युजरनेम, मग पासवर्ड हा शब्द आणि तुमचा पासवर्ड. मध्ये फक्त स्पेस. पत्त्याआधी एचटीटीपीएस लावायचं नाही, शेवटी तिरकी रेघ द्यायची नाही. मशीन म्हणून डेटाच्या सर्व्हरचा पत्ता घालणारे खूप भेटतात. तो घालायचा नाही, गेटचाच घालायचा. ही फाइल झाली की कोडमधली ऑथची जोडी काढून टाका.

ही फाइल एका ओळीची असली तरी तिच्या खोड्या बऱ्याच आहेत, आणि सगळ्यात वाईट खोडी रिक्वेस्ट्सची आहे: नेटआरसी वाचताना चूक सापडली तर ते काहीच बोलत नाही. फाइल नसल्यासारखं पुढे जातं, आणि तुम्ही पुन्हा पासवर्डवर संशय घेता. म्हणून पायथनचं स्वतःचं नेटआरसी मॉड्यूल घेऊन, फाइलचा पूर्ण मार्ग देऊन, ती एकदा हाताने वाचून बघा. चूक असेल तर ते कितव्या ओळीत आहे हेही सांगतं. मग ऑथेंटिकेटर्स फंक्शनला यूआरएसचा पत्ता द्या. उत्तरात तुमचं युजरनेम आलं पाहिजे, ‘नन’ आलं तर पत्ता लिहिण्यात गडबड आहे.

विंडोजवर फाइलचं नाव अंडरस्कोर नेटआरसी ठेवा. रिक्वेस्ट्स दोन्ही नावं शोधतं, पण बाकीची काही साधनं तिथे अंडरस्कोरवालंच मागतात. नोटपॅड तिच्या मागे गुपचूप टीएक्सटी जोडतं आणि एक्सप्लोरर ते शेपूट लपवतो, म्हणून एक्सप्लोररमध्ये फाइलची एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू करूनच नाव तपासा. सेव्ह करताना एन्कोडिंग साधं यूटीएफ-८ घ्या, ‘विथ बीओएम’ नको. लिनक्सवर परवानगी ६०० ठेवा, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल. रिक्वेस्ट्स परवानगी तपासत नाही, पण ऑफिसच्या सामाईक मशीनवर ६४४ ठेवणं म्हणजे पासवर्ड नोटीस बोर्डावर लावणं. पासवर्डमध्ये स्पेस, अवतरणचिन्ह, उलटी तिरकी रेघ किंवा हॅश असेल तर तो बदलून साधी अक्षरं-आकडे आणि लांबी यांवर भर द्या. ही चिन्हं वाचण्याची प्रत्येक साधनाची पद्धत निराळी आहे. पासवर्ड बदलायचं खरं कारण असलंच तर हे एवढंच.

एवढ्यावर बहुतेकांचं काम होतं. तरीही ४०३ आली किंवा कुठल्या तरी परवानगीचं पान आलं, तर तिसरी गोष्ट राहिली आहे: जीईएस डिस्कला तुमच्या खात्याने मान्यता दिलेली नाही. अर्थडेटा लॉगिनमध्ये ब्राउझरने शिरा, प्रोफाइलमधल्या अ‍ॅप्लिकेशन्समध्ये ‘ऑथराइज्ड अ‍ॅप्स’ उघडा, ‘अप्रूव्ह मोअर अ‍ॅप्लिकेशन्स’ दाबा आणि ‘नासा जीईएसडिस्क डेटा अर्काइव्ह’ शोधून मान्य करा. एकदाच करायचं काम आहे. तुम्ही ब्राउझरमधून फाइल उतरवली आहे, म्हणजे तुमच्या खात्यात हे बहुधा तेव्हाच झालं आहे. पण बरोबरच्या सहकाऱ्याने नवं खातं काढून तुमचीच स्क्रिप्ट चालवली तर त्याचं घोडं नेमकं इथे अडेल. ४०१ म्हणजे ‘तुम्ही कोण ते कळलं नाही’, ४०३ म्हणजे ‘कळलं, पण आत सोडायची परवानगी नाही’. ४०३ वर पासवर्डशी झटापट करण्यात अर्थ नसतो.

मध्येच अडलात तर पायथन बाजूला ठेवून कर्ल या कमांड लाइनच्या साधनाने तीच फाइल मागवा: एन हा पर्याय नेटआरसीसाठी, मोठा एल वळणांमागे जाण्यासाठी, सी आणि बी कुकीच्या फाइलसाठी, आणि व्ही सगळा प्रवास पडद्यावर दिसावा म्हणून. कर्लने फाइल आली आणि पायथनने नाही, तर खोट स्क्रिप्टमध्ये. कर्ललाही नाही आली तर खातं, मान्यता किंवा नेटआरसी. कुकीचे दोन पर्याय गाळू नका. कुकी नसली तर डेटाचा सर्व्हर तुम्हाला ओळखतच नाही, पुन्हा यूआरएसकडे पाठवतो, ते परत पाठवतं, आणि ५० फेऱ्यांनंतर कर्ल थांबतं. रिक्वेस्ट्सची मर्यादा ३० फेऱ्यांची आहे. ‘टू मेनी रिडायरेक्ट्स’ दिसलं की कुकी कुठे हरवते आहे हे शोधायचं.

हे सगळं कळल्यावर मी सुचवेन की रिक्वेस्ट्सवर हाताने काम करूच नका, अर्थअ‍ॅक्सेस हे पॅकेज घ्या. ते याच कामासाठी बनलं आहे. लॉगिन, शोध, डाउनलोड अशी तीन फंक्शन पुरतात. वरची माहिती तरीही हवी, कारण अर्थअ‍ॅक्सेसही त्याच दारांतून जातं, आणि अडलं तर तिथेच अडतं. त्याच्या लॉगिनला स्ट्रॅटेजी सांगता येते: एन्व्हायर्नमेंट, नेटआरसी किंवा इंटरॅक्टिव्ह. काहीच न सांगितल्यास ते याच क्रमाने एकेक करून बघतं, आणि गोम या क्रमातच आहे. कधीतरी प्रयोग म्हणून अर्थडेटा अंडरस्कोर युजरनेम आणि अर्थडेटा अंडरस्कोर पासवर्ड हे व्हेरिएबल (दोन्ही मोठ्या अक्षरांत) विंडोजच्या सेटिंगमध्ये घालून ठेवले असतील, तर जुना पासवर्ड तिथे तसाच बसलेला असतो आणि ताज्या नेटआरसीच्या आधी तोच वापरला जातो. तुम्ही तीनदा पासवर्ड बदलला आहे, तेव्हा हे नक्की तपासा. स्ट्रॅटेजी नेहमी नाव घेऊन सांगावी हे माझं मत यामुळेच आहे. पहिल्यांदा इंटरॅक्टिव्ह घेऊन पर्सिस्ट खरं ठेवलं तर नेटआरसी ते स्वतः लिहून देतं, म्हणजे टीएक्सटीच्या शेपटाची भानगड उरत नाही.

आणि लॉगिन यशस्वी झालं एवढ्यावर विसंबू नका. त्याचा अर्थ गेटवर नोंद झाली इतकाच. खरी चाचणी म्हणजे एक फाइल उतरवून, उघडून, आतला आकडा वाचणं.

टोकनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ऑफिसच्या मशीनवर तोच मार्ग बरा, म्हणून थोडं. अर्थडेटा लॉगिनच्या प्रोफाइलमध्ये टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी दाखवायची लांबलचक खूण, तयार करता येतं. ते ६० दिवस चालतं आणि एका वेळी एका खात्याची दोनच टोकन असू शकतात. पासवर्ड गेटवर दाखवायचा असतो, टोकन मात्र थेट विंगच्या दारात, ऑथरायझेशन हेडरमध्ये बेअरर या शब्दानंतर लावून. फेऱ्या कमी होतात, आणि टोकन फुटलं तर पासवर्ड न बदलता रद्द करता येतं. त्रास ६१ व्या दिवशी होतो: दोन महिने बिनबोभाट चाललेली स्क्रिप्ट एकदम ४०१ द्यायला लागते. टोकन केल्याची तारीख स्क्रिप्टच्या सेटिंगमध्येच लिहून ठेवा आणि ५० दिवस झाले की लॉगमध्ये ओळ छापा.

टोकन आणि नेटआरसी एकत्र ठेवले तर आणखी एक गंमत होते. रिक्वेस्ट्सला तुम्ही हेडरमध्ये टोकन दिलं, पण नेटआरसीत त्याच होस्टची नोंद सापडली, तर ते तुमचं हेडर पुसून नेटआरसीचा युजरनेम-पासवर्ड लावतं. यूआरएसच्या एका ओळीने काही बिघडत नाही, कारण टोकन जातं डेटाच्या होस्टला. पण काही जण नेटआरसीच्या शेवटी ‘डिफॉल्ट’ अशी सर्वांसाठीची ओळ घालतात, ती प्रत्येक होस्टला लागू होते आणि टोकन कधी पोचतच नाही. ती ओळ काढा. रिक्वेस्ट्सची आवृत्ती २.३२.४ किंवा पुढची ठेवा, कारण नेटआरसीतली ओळख फसव्या पत्त्याकडे जाऊ शकेल अशी एक त्रुटी त्या आवृत्तीत बुजवली गेली. शोधताना तुम्हाला असाही सल्ला मिळेल की सेशनचा क्लास बदलून हेडर प्रत्येक वळणावर सक्तीने पुढे न्या. तसं करू नका. क्लाउडमधल्या फाइलींसाठी शेवटचं वळण अ‍ॅमेझॉनच्या सही केलेल्या लिंककडे असू शकतं. त्या लिंकमध्ये ओळख आधीच भरलेली असते, वर तुमचं हेडरही गेलं की दोन ओळखपत्रं झाली म्हणून ती ४०० देऊन मोकळी होते.

आता महापेची एरर. तिथे तुम्ही नासापर्यंत पोचतच नाही. बऱ्याच कंपन्यांच्या नेटवर्कवर बाहेर जाणारी प्रत्येक एचटीटीपीएस जोडणी मधल्या प्रॉक्सीवर उघडून तपासली जाते, आणि पुढे कंपनीने स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट दाखवलं जातं. ऑफिसच्या ब्राउझरला ती सही ओळखीची असते, आयटीवाल्यांनी ती आधीच बसवलेली असते. पायथन मात्र सर्टिफाय या पॅकेजमधली स्वतःची यादी बघतं, त्यात तुमची कंपनी नाही. खात्री करायची तर ऑफिसच्या ब्राउझरमध्ये यूआरएसचं पान उघडा आणि कुलपाच्या चिन्हावरून सर्टिफिकेट कोणी दिलं ते बघा. तिथे कंपनीचं किंवा एखाद्या फायरवॉलचं नाव असेल तर निदान झालं. त्याच खोलीत स्वतःचा लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर लावून फाइल उतरली तरी तेच सिद्ध होतं.

इथे हात शिवशिवतो तो व्हेरिफाय खोटं ठेवायला, म्हणजे सर्टिफिकेटची तपासणीच बंद करायला. एरर जाते, आणि तुमचा पासवर्ड वाटेत जो कोणी सर्टिफिकेट पुढे करेल त्याच्या हाती जातो. आयटीकडून कंपनीचं मूळ सर्टिफिकेट पीईएम स्वरूपात मागून घ्या, सर्टिफायच्या यादीची एक प्रत काढा, तिच्या शेवटी ते जोडा, आणि रिक्वेस्ट्स अंडरस्कोर सीए अंडरस्कोर बंडल (मोठ्या अक्षरांत) या व्हेरिएबलमध्ये त्या जोडफाइलचा मार्ग द्या. नुसतं कंपनीचं सर्टिफिकेट दिलंत तर हे व्हेरिएबल मूळ यादीच्या जागी बसतं, आणि तोच लॅपटॉप घरी आणल्यावर सगळंच बंद पडतं. पायथन ३.१० किंवा पुढचं असेल तर ट्रस्टस्टोअर हे पॅकेज याहून सुटसुटीत: ते ऑपरेटिंग सिस्टिमचीच यादी वापरतं. मशीनचं घड्याळही एकदा बघा, ते मागे पडलं असेल तर सर्टिफिकेट ‘अजून सुरू झालेलं नाही’ असं ठरतं.

प्रॉक्सीला स्वतःचाच पासवर्ड हवा असेल तर ४०७ येते. तिचा नासाशी काही संबंध नाही. आणि प्रॉक्सी टाळण्यासाठी कोणी सेशनचं ट्रस्ट एन्व्ह खोटं ठेवायला सांगितलं तर लक्षात असू द्या, की त्या एका खटक्याने प्रॉक्सीबरोबर नेटआरसी वाचणंही बंद होतं. एक एरर जाते, दुसरी येते, आणि दोन्हींचा संबंध ध्यानात यायला संध्याकाळ होते.

रात्री क्रॉनने (लिनक्सवर ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारं साधन) चालवणार असाल तर क्रॉन तुमची शेल सेटिंग वाचत नाही, तिथे घातलेले व्हेरिएबल त्याला दिसत नाहीत. रूटच्या क्रॉनमध्ये टाकलंत तर होम फोल्डरही रूटचा, नेटआरसी तिथे नाही. विंडोजचा टास्क शेड्युलर सिस्टिम खात्याने चालवला तरी तीच कथा. स्ट्रॅटेजी ठरवून दिली नसेल तर अर्थअ‍ॅक्सेस शेवटी इंटरॅक्टिव्हवर येतं आणि रात्री तीन वाजता युजरनेम विचारतं, जेव्हा टाइप करायला कोणीच नसतं, आणि काम तिथेच अडतं. टास्क तुमच्याच खात्याने चालवा, किंवा नेटआरसी (मोठ्या अक्षरांत) या व्हेरिएबलमध्ये फाइलचा पूर्ण मार्ग द्या, रिक्वेस्ट्स तो मानतं.

फाइल न उतरवता ओपनडॅपने फक्त हवा तो तुकडा वाचायचा असेल तर वाट वेगळी आहे. तिथे लॉगिन पायथन करत नाही, खालची नेटसीडीएफची सी लायब्ररी करते, आणि तिला डॉट डॉडसआरसी नावाची आणखी एक फाइल लागते. तिच्यात दोन ओळी: एक नेटआरसीचा मार्ग, दुसरी कुकीच्या फाइलचा. मार्ग पूर्ण लिहा, होम फोल्डरसाठीचं लाटेचं चिन्ह (~) नको. विंडोजवर ही फाइल स्क्रिप्ट ज्या फोल्डरमधून चालते तिथे ठेवावी लागते. ऑफिसातलं सर्टिफिकेटही या लायब्ररीला वेगळं सांगावं लागतं, रिक्वेस्ट्सचं व्हेरिएबल ती बघत नाही.

तुकड्याची गोष्ट निघालीच आहे तर: अर्थअ‍ॅक्सेसच्या शोधात ठाण्याची चौकट दिली म्हणजे ठाण्यापुरता पाऊस येतो असं नाही. ती चौकट फक्त कोणत्या फाइली तिला स्पर्श करतात ते ठरवते. आयमर्गची प्रत्येक फाइल सगळ्या जगाची, म्हणून प्रत्येक फाइल जुळते आणि पूर्णच उतरते. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, दिवसाला ४८, म्हणजे एका पावसाळ्याच्या ५,८५६ फाइली. दर फाइलला नवं गेट फंक्शन बोलावलंत तर तितक्या वेळा लॉगिनची फेरी. एकच सेशन करा, त्याची कुकी टिकते. शेकडो धागे (एकाच वेळी चालणारे डाउनलोड) लावून सर्व्हरवर तुटून पडायचं कारण नाही, सातआठ पुरतात. मुळात घटना मोजक्याच असतील तर त्या दिवसांपुरतंच मागा.

पहिल्या चाचणीसाठी २६ जुलै २००५ घ्या. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, त्यामुळे उत्तर रिकामं येणार नाही. सातव्या आवृत्तीचा अंतिम अर्ध-तासी संच मागवा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो आणि आयमर्गची वेळ यूटीसी आहे, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे. तेव्हा फाइली २६ तारखेच्या ०३:०० यूटीसीपासून २७ च्या ०२:३० ला सुरू होणाऱ्या फाइलपर्यंत, बरोबर ४८. एक्सअ‍ॅरेने उघडताना ग्रुप म्हणून ग्रिड सांगा (पहिलं अक्षर मोठं), नाहीतर फाइल रिकामी दिसेल आणि तुम्ही पुन्हा लॉगिनवर संशय घ्याल. व्हेरिएबलचं नाव प्रेसिपिटेशन. आकडा मिमी प्रतितास असतो, म्हणून प्रत्येक फाइलचा निम्मा धरून बेरीज करायची. अक्षांच्या क्रमात रेखांश आधी, अक्षांश नंतर.

चौकोन ०.१ अंशाचा, म्हणजे बाजू साधारण ११ किलोमीटर. ठाणे शहर नेमकं १९.२ अंशांच्या रेषेवर आहे: स्टेशन दक्षिणेकडच्या चौकोनात, कासारवडवली उत्तरेकडच्या. वाशी तर ७३ रेखांशाला चिकटून, म्हणजे पूर्व-पश्चिम दोन चौकोनांच्या बांधावर. एकच बिंदू ‘जवळचा’ म्हणून न घेता दोन्ही बाजूंचे चौकोन घ्या, आणि एवढ्या क्षेत्राच्या सरासरीची पर्जन्यमापकाशी आकड्याला आकडा तुलना करू नका.

पुढे युरोपचा ईआरए-५ हा हवामानाचा संच लागला तर तिथल्या सीडीएस एपीआय पॅकेजची रीत याहून सोपी आहे. होम फोल्डरमध्ये डॉट सीडीएसएपीआयआरसी ही फाइल, आत पत्ता आणि की. २०२४ मध्ये ती सेवा नव्याने उभी राहिली, तेव्हापासून कीच्या आधी युजर क्रमांक आणि अपूर्णविराम (:) लागत नाही, आणि पत्त्याच्या शेवटी व्ही-२ नसतं. जुन्या ट्यूटोरियलमधली फाइल जशीच्या तशी उतरवली की इथेच फसतं. शिवाय प्रत्येक डेटासेटच्या पानावर जाऊन परवाना ब्राउझरमधून एकदा मान्य करावा लागतो, नाहीतर की बरोबर असूनही ४०३ येते.

आणि नव्याने सुरू करण्याआधी त्या काही केबींच्या फाइली फोल्डरमधून पुसून टाका. त्यांची नावं खऱ्या फाइलींचीच आहेत, आणि त्या नावाची फाइल दिसली की अर्थअ‍ॅक्सेस ती आधीच उतरवली आहे असं समजून सोडून देतं.